वाचकांचे प्रश्न: वकिलाचा मुत्सद्दी होतो तेव्हा

प्रश्न: मी एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. राष्ट्रसंघाबद्दल (पहिल्या महायुद्धानंतरची ‘लीग ऑफ नेशन्स’) वाचताना निकोलाय टिटुलेस्कू या रोमेनियन कायदेपंडिताचं नाव आलं. ते आमसभेचे लागोपाठ दोनदा अध्यक्ष झाले आणि पुढे त्यांना परराष्ट्रमंत्रिपदावरून काढलं, एवढंच कळलं. कायद्याच्या शिक्षणाचा त्यांना खरंच उपयोग झाला का? आणि शेवटी सगळं फसलंच असेल, तर त्यांचा अभ्यास कशासाठी करायचा?
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर: तुमच्या पहिल्या प्रश्नाला मी ठामपणे ‘हो’ म्हणेन. टिटुलेस्कूंनी वकिली सोडून मुत्सद्देगिरी धरली असं लिहिलं जातं, ते मला पटत नाही. त्यांनी वकिली कधी सोडलीच नाही. फक्त अशील बदललं.

क्रायोव्हात १८८२ साली जन्म, पॅरिसमध्ये कायद्याची डॉक्टरेट, मग याश आणि बुखारेस्टला दिवाणी कायद्याची प्राध्यापकी. १९१२ मध्ये संसदेत गेले, दोनदा अर्थमंत्री झाले. पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीशी झालेल्या ट्रायनॉनच्या तहावर ४ जून १९२० रोजी रोमेनियातर्फे सही करणाऱ्या दोघांपैकी ते एक. या तहाने ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीकडून रोमेनियाकडे आला. नंतर लंडनमध्ये वकिलातीचे प्रमुख म्हणून त्यांनी बरीच वर्षं काढली.

त्यांचा कस लागला तो या तहातूनच निघालेल्या एका खटल्यात. ट्रान्सिल्व्हेनियातल्या ज्यांनी हंगेरियन नागरिकत्व पत्करलं, त्यांना तिथली स्थावर मालमत्ता ठेवण्याचा हक्क तहाच्या ६३व्या कलमाने दिला होता. पण रोमेनियाने १९२१ मध्ये जमीन सुधारणा कायदा केला, त्यात मोठ्या जमीनदारांच्या जमिनी गेल्या, आणि त्यांत हे हंगेरियन जमीनदारही आले. हंगेरीने प्रकरण राष्ट्रसंघाच्या कौन्सिलपुढे नेलं. हंगेरीची बाजू मांडायला काउंट आपोन्यी, रोमेनियाची टिटुलेस्कू.

आंतरराष्ट्रीय कायदा शिकवत होतो तेव्हा हा वाद मी वर्गात दोन्ही बाजूंनी लढवायला लावायचो. मुलं आधी हंगेरीच्या बाजूला झुकायची, कारण कलम स्पष्ट दिसतं. मग टिटुलेस्कूंचा युक्तिवाद मांडला की वर्गात चुळबुळ सुरू व्हायची. त्यांचं म्हणणं असं: तहाने मनाई केली आहे ती शत्रूची मालमत्ता म्हणून जप्ती करायला. आमचा कायदा रोमेनियन जमीनदारालाही तोच नियम लावतो. हंगेरियन माणसाला रोमेनियन माणसापेक्षा जास्त हक्क द्यावा, असं तह म्हणत नाही. सबब तहानुसार नेमलेल्या मिश्र लवादाला (दोन्ही देशांचा एकेक आणि तटस्थ सदस्य असलेल्या) हे प्रकरण ऐकण्याचा अधिकारच नाही. पुढे १९२७ मध्ये रोमेनियाने लवादावरचा आपला सदस्यच काढून घेतला. ही चाल मला आजही खटकते. जमिनीचा मोबदला म्हणून मिळणाऱ्या रोख्यांची किंमत फारच घसरली होती, त्यामुळे आपोन्यींची तक्रार पोकळ नव्हती. अखेर १९३० मध्ये भरपाईसाठी स्वतंत्र निधी उभारून तडजोड झाली. त्याच वर्षी, आणि पुन्हा १९३१ मध्ये, आमसभेने टिटुलेस्कूंना अध्यक्ष निवडलं. असा मान लागोपाठ दोनदा दुसऱ्या कुणालाच मिळाला नाही. भारत तेव्हा पारतंत्र्यात असूनही संघाचा सभासद होता, म्हणजे आपलं शिष्टमंडळही त्या सभागृहात होतं.

१९३२ पासून ते जवळजवळ सलग परराष्ट्रमंत्री होते. जुलै १९३३ मध्ये लंडनला आक्रमणाची व्याख्या करणारा करार झाला, त्यात सोव्हिएत रशिया आणि त्याच्या शेजाऱ्यांबरोबर रोमेनियाही होता. युद्ध पुकारणं, न पुकारता घुसणं, नाकेबंदी, आपल्या भूमीवर जमलेल्या सशस्त्र टोळ्यांना पाठबळ देणं, हे सगळं त्यात आलं. शिवाय कुठलीही राजकीय, लष्करी किंवा आर्थिक सबब चालणार नाही, असं बजावलेलं. छोट्या देशाला पळवाट नसलेली व्याख्या किती मोलाची, हे दिवाणी कायदा शिकवलेल्या माणसाला बरोबर कळलं होतं.

बेसराबियाचं त्यांनी जे केलं ते तर नीट वाचाच. हा प्रांत रोमेनियाकडे होता, पण रशिया ते मानत नव्हता. जुलै १९३६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो इथे सोव्हिएत परराष्ट्रमंत्री लिट्विनोव्हबरोबर परस्पर मदतीचा मसुदा ठरला. रोमेनियाने रीतसर बोलावल्याशिवाय सोव्हिएत फौज बेसराबियाच्या पूर्व हद्दीवरची नीस्टर नदी ओलांडणार नाही आणि रोमेनियाने सांगताच नदीपलीकडे परत जाईल, असं त्यात होतं. बेसराबिया कुणाचा, याचा उच्चारही नाही. बांधावरून भांडणाऱ्या दोघांनी हद्दीचा विषय न काढता ‘ओढ्याच्या पलीकडे तुमची गुरं’ एवढंच कागदावर आणावं, तसं हे.

तो करार पुरा झाला नाही. तीन आठवडे आधी, ३० जूनला, इटलीने जिंकलेल्या इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी जिनिव्हात राष्ट्रसंघापुढे बोलायला उभे राहिले, तेव्हा इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या मारून गोंधळ घातला. टिटुलेस्कू जागेवरून फ्रेंचमध्ये ओरडले, “या रानट्यांना बाहेर काढा!” पोलिसांनी पत्रकारांना बाहेर नेलं. इटलीवरच्या निर्बंधांचे ते पाठीराखे होतेच. देशात हिटलर-मुसोलिनीकडे झुकलेल्या उजव्यांना ते डोळ्यांसमोर नको होते. २९ ऑगस्टला, ते परदेशात असताना, राजा कॅरोल दुसरा याच्या काळातल्या फेररचनेत त्यांचं मंत्रिपद गेलं.

१९४० मध्ये रशियाने बेसराबिया घेतला, उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीकडे गेला. मार्च १९४१ मध्ये टिटुलेस्कू फ्रान्समधल्या कान शहरात वारले. १९९२ मध्ये त्यांचे अवशेष रोमेनियातल्या ब्राशोव्हला आणले गेले.

तर, फसलं का? त्यांच्या हयातीत, हो. कागदाने रणगाडे अडले नाहीत. पण संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७४ मध्ये आक्रमणाची व्याख्या केली, तिच्या तिसऱ्या कलमात सशस्त्र टोळ्या पाठवण्याचा मुद्दा आहे. १९३३च्या कराराचं दुसरं कलम शेजारी ठेवून दोन्ही वाचा. जुन्यात टोळ्यांना नुसता आसरा देणंही बसतं, नव्यात तेवढं पुरत नाही. हा बदल छोट्या देशांच्या फायद्याचा की तोट्याचा, यावर तुमचं मत मला कळवा. पुढच्या अंकात घेऊ.