शाळेच्या वेळेलाच पोट का दुखतं?

प्रश्न : मुलगा चौथीत आहे. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून रोज सकाळी पोट धरून रडतो. डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफीही नॉर्मल आली. रविवारी मात्र ठणठणीत असतो. नाटक करतोय का? – एक आई, सांगली

उत्तर : नाटक नव्हे, पोट खरंच दुखतं. शाळेच्या भीतीने आतड्यांची हालचाल बदलते, बेंबीभोवती पिळवटतं, मळमळतं. पण झोपेतून उठवणारं दुखणं, वजन घटणं, वारंवार उलट्या, शौचातून रक्त यांपैकी काही असेल, तर पुन्हा डॉक्टरांकडे न्या.

आता घोळ कुठे होतो ते पाहा. 'आज राहू दे' म्हटलं की अर्ध्या तासात पोट दुखायचं थांबतं आणि स्वारी कार्टून लावून पोहे खाते. सुटका झाली, हे मनाने नोंदवलेलं असतं. दुसऱ्या दिवशी शाळा आणखी अवघड वाटते. म्हणून घरी राहिलाच, तर शाळेच्या वेळेत टीव्ही-मोबाइल बंद. रागावून नव्हे, नियम म्हणून.

कारण सकाळी विचारू नका. संध्याकाळी मटार सोलताना वगैरे विचारा, आणि नेमकं विचारा : व्हॅनमध्ये शेजारी कोण बसतं? मधल्या सुट्टीत डबा कोणाबरोबर खातोस? पाढे सगळ्यांसमोर म्हणावे लागतात का? शाळेतल्या शौचालयात जातोस का? (या शेवटच्या प्रश्नाला बऱ्याचदा खरं उत्तर मिळतं.) कोणी मारत किंवा छळत असेल, तर आधी शाळेला ते थांबवायला लावा; भीती असूनही जा म्हणणं तिथे अन्यायाचं आहे.

तसं नसेल, तर वर्गशिक्षिकेशी बोलून पायऱ्या ठरवा. पहिले दोन-तीन दिवस मधल्या सुट्टीपर्यंत, मग आणखी दोन तास, मग पूर्ण दिवस. घरी न्यायची वेळ आदल्या रात्री ठरवायची. दुखलं म्हणून लवकर आणलं, तर सगळं मुसळ केरात. फाटकाशी निरोप एका वाक्यात घ्या. नाकाने 4 आकडे मोजेपर्यंत श्वास आत, 6 आकडे मोजेपर्यंत बाहेर, असं 5 मिनिटं रोज संध्याकाळी करून घ्या. ऐन भीतीत पहिल्यांदा शिकवलेलं जमत नाही.

दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर बाल-मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : दहावीतली मुलगी रोज रात्री 'नापास झाले तर?' असं दहादा विचारते. कितीही समजूत घाला, थांबतच नाही. – एक बाबा, नाशिक

उत्तर : समजूत घालता म्हणूनच थांबत नाही. दिलासा काही मिनिटं टिकतो, की पुन्हा प्रश्न. एकदाच उत्तर द्या. पुढच्या वेळी 'मी काय म्हणालो होतो?' असं तिलाच विचारा. संध्याकाळी 15 मिनिटं काळज्या वहीत लिहायला द्या, झोपण्याआधी नको. मात्र 'जगून काय करू' अशा अर्थाचं काही बोलली, तर ते परीक्षेच्या ताणावर ढकलू नका. जीव द्यायचा विचार येतो का, हे थेट विचारा, एकटीला ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.