ठरावीक शब्दांवर गुगलमध्ये पहिला नंबर यावा म्हणून महिन्याला पैसे मोजावेत का?

तुमचा प्रश्न असा: धुळ्याजवळ घरगुती मसाल्यांचा छोटा कारखाना आहे. एक जण वीस ठरावीक शब्दांवर तुमची वेबसाइट गुगलच्या पहिल्या पानावर आणून देतो म्हणतोय, महिन्याला पंधरा हजार मागतोय, आणि त्याचा खरंच फायदा होतो का हे तुम्हाला हवंय.

मी रावेर तालुक्यातला. आमची केळीची रोपवाटिका आहे. लॅबमधून जी-नाईन या केळीच्या जातीची इवलीशी टिश्यू कल्चर रोपं आणायची, शेडनेटमध्ये वाढवायची आणि शेतकऱ्याला द्यायची, हा धंदा. गुगलवर पहिला नंबर मी दोनदा पाहिलाय आणि त्या दोन्ही वेळा त्यातून एक रोपसुद्धा विकलं गेलं नाही. तिसऱ्यांदा चौथ्या-पाचव्या नंबरावर होतो, तेव्हा शेड रिकामी झाली.

पहिल्या वेळचा नंबर असल्याच एका माणसाला पैसे देऊन विकत घेतलेला होता. महिन्याला बारा हजार, आठ महिने. म्हणजे 96,000 रुपये. आमच्या तेव्हाच्या भावाने सहा हजार रोपं. दर महिन्याला रंगीत रिपोर्ट यायचा, हिरवे बाण वर जाताना दिसायचे, मी तो गल्ल्याजवळ फाइलला लावून ठेवायचो. एक दिवस बायकोने तो वाचला. पहिल्या नंबरावर आलेला शब्द होता ‘खान्देशातील सर्वोत्तम ऊतिसंवर्धित केळी रोपे रावेर’. ती म्हणाली, “असं बोलतं तरी कोण?”

कोणीच नाही. आमच्याकडे फोन येतो तो असा: “भाऊ, टिशूचे रोपं भेटतीन का? काय भाव लावले?” ऊतिसंवर्धित म्हणजे टिश्यू कल्चरचं, पण हा शब्द मी स्वतः पाठ्यपुस्तकाबाहेर ऐकलेला नाही. ज्या वाक्यावर शर्यतीत दुसरं कोणी उतरलेलंच नाही, तिथे पहिलं येणं ही काय कठीण गोष्ट? नंतर सर्च कन्सोल उघडून बघितलं. हे गुगलचंच फुकट साधन आहे. लोकांनी काय टाइप केलं, तेव्हा तुमचं पान किती वेळा दिसलं, किती जणांनी उघडलं आणि सरासरी कितव्या जागी होतं, हे सगळं त्यात दिसतं. त्या वाक्यावर आमचं पान दिसल्याची नोंद बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यातले निम्मे आम्हीच असणार, कारण रिपोर्ट आला की मी आणि धाकटा भाऊ मोबाइलवर ते वाक्य टाकून खुश व्हायचो.

दुसरा पहिला नंबर फुकट आला आणि जास्त फसवून गेला. भाच्याने वेबसाइटवर ‘आजचे केळी भाव’ असं पान सुरू केलं. रावेर आणि बऱ्हाणपूरचा भाव तो रोज सकाळी टाकायचा. काही महिन्यांत आसपासच्या माणसाने ‘केळी भाव’ टाकलं की आमचं पान वर. रोज शेकड्यांनी लोक. मला वाटलं, लागली लॉटरी. पण ज्याला आजचा भाव हवाय त्याचा घड तोडायला आलेला असतो. तो व्यापाऱ्याशी घासाघीस करायच्या तयारीत असतो, रोप घ्यायच्या नाही. भाव बघितला की पान बंद. उलट आमचाच फोन वाजायला लागला, “भाऊ, आज बऱ्हाणपूरले काय भाव निघाला?” आणि कधी भाव पडला तर शिव्या आम्हाला, जणू मीच पाडला. शेवटी ते पान बंद केलं. शिवाय आता असल्या साध्या प्रश्नाचं उत्तर गुगल बरेचदा वरच्या वर देऊन टाकतं. 2024 पासून भारतातही एआयने तयार केलेला सारांश निकालांच्या डोक्यावर येतो. म्हणजे पहिला नंबर असला तरी माणूस तुमच्या दारात येईलच असं नाही.

आता तिसरी वेळ. रोपवाटिकेच्या फोनपाशी मी एक शंभर पानी वही ठेवली. एका मृगबागेच्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या लागवडीच्या, हंगामात जो फोन येईल त्याचं पहिलं वाक्य जसंच्या तसं लिहायचं, शुद्धलेखन न करता. भावाने कंटाळून कुठे कुठे नुसतं ‘रोपं’ लिहिलं, तरी वही अर्धी भरली. ती वाचताना माझ्या लक्षात आलं की लोक फार मोजकं विचारतात. एकरी किती रोपं लागतील. कांदेबागेला (ऑक्टोबरच्या आसपासच्या लागवडीला) कधी मिळतील. उधारी चालते का (याचं पान काही केलं नाही). आणि त्या वर्षी सगळ्यात जास्त वेळा: पानावर पिवळे पट्टे पडलेत, पोंगा (मधलं न उमललेलं पान) सडतोय, काय करू.

हा सीएमव्ही, म्हणजे काकडीवर्गीय पिकांवरचा मोझॅक विषाणू. मावा ही कीड त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. झाडाला लागला की औषध नाही. रोगट झाड कंदासकट उपटून नष्ट करायचं, माव्याचा बंदोबस्त करायचा, बागेत आणि आजूबाजूला काकडी-भोपळ्याची वेलवर्गीय पिकं ठेवायची नाहीत. आम्ही एवढंच लिहिलं. लोकांच्या शब्दांत, आमच्या शेजारच्या बागेतले फोटो टाकून. वर मथळा ‘केळीच्या पानावर पिवळे पट्टे’. खाली एक ओळ, की उपटलेल्या जागी नांगे भरायला रोपं आहेत. ‘एकरी किती रोपं’ याचंही पान केलं: पाच बाय पाच फुटावर 1742, सहा बाय पाचवर 1452. ज्याला हा आकडा हवाय त्याच्या डोक्यात लागवड पक्की झालेली असते, फक्त ऑर्डर कोणाला द्यायची ते ठरायचं असतं. या पानांवर दिवसाला दहा-पंधरा माणसं यायची. बाजारभावाच्या पानावर शेकडो. पण या दहा-पंधरांतले दोन-तीन फोन करायचे, आणि केळीवाल्याची ऑर्डर हजारांत असते.

म्हणून मला नंबराइतकाच, किंबहुना जास्त, तो शब्द कोणाच्या तोंडचा आहे आणि तो माणूस खिशात हात घालायच्या किती जवळ आलाय, हे महत्त्वाचं वाटतं. दोन्ही जुळलं तर वरच्या जागेला सोन्याचा भाव, यात शंका नाही. लोक वरची दोन-चार उत्तरं बघतात, दुसऱ्या पानावर क्वचितच कोणी जातं.

हंगामाचंही बघा. मृगबागेची लागवड जून-जुलैत, पण रोपांचं बुकिंग त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. पान लिहिल्यावर ते वर सरकायला महिने जातात. मी पहिल्या वर्षी मे महिन्यात लिहायला बसलो होतो. पान वर आलं तेव्हा लोकांची रोपं जमिनीत गेली होती.

नकाशाचं तर आधी करा, त्याला पैसेही लागत नाहीत. गुगलवर व्यवसायाची नोंद असते. त्यात जवळपासचा माणूस शोधतो तेव्हा गुगल तीन गोष्टी बघतं: तुमचा धंदा त्याच्या शोधाशी किती जुळतो, अंतर किती, आणि तुमचं नाव किती झालेलं आहे. आमच्या नोंदीतली खूण कोणीतरी चुकीच्या जागी टाकली होती. चोपड्याकडून आलेली एक पिकअप पाटचारीच्या कडेला जाऊन उभी, ड्रायव्हर फोनवर म्हणतोय, “इथं तं नुसतं पाणी आहे भाऊ!” ती खूण दुरुस्त करण्याचा फायदा आठ महिन्यांच्या हिरव्या बाणांपेक्षा जास्त झाला.

तुमचं गणित माझ्यापेक्षा वेगळं आहे. माझं गिऱ्हाईक जास्तीत जास्त दोन-तीन तासांच्या अंतरावरचं. तुमचं बहुधा पुण्यात, नाशकात, ठाण्यात नोकरीला गेलेलं, ज्याला तिथल्या दुकानात खान्देशी काळा मसाला मिळत नाही किंवा मिळतो तो पटत नाही. तो ‘मसाले उत्पादक’ टाकणार नाही. तो ‘शेवभाजीचा मसाला’ टाकेल, आणि बरेचदा रोमन अक्षरांत, ‘शेव भाजी’ तोडून. तुम्ही पाव किलोचं पार्सल कुरिअरने पाठवता का? नसाल पाठवत तर पहिला नंबर येऊनही तो माणूस हळहळून परत जाईल. आणि ‘मसाला’ या एकट्या शब्दामागे तर लागूच नका, तिथे मोठ्या कंपन्या बसल्यात.

त्या गृहस्थाकडून वीस शब्दांची यादी आधी मागून घ्या आणि घरातल्या बाईमाणसांना वाचून दाखवा. हसल्या तर समजा. पहिल्या नंबरची लेखी हमी देत असेल तर तिथेच थांबा, कारण अशी हमी कोणीच देऊ शकत नाही हे गुगल स्वतः सांगतं. जाहिरातीला पैसे भरले तरी खालच्या साध्या निकालांतली जागा बदलत नाही. यादीत ‘मेटा कीवर्ड’ (पानाच्या कोडमध्ये, वाचणाऱ्याला न दिसणारे लिहायचे शब्द) नावाचा रकाना असेल तर तो माणूस फारच जुना आहे. गुगल ते वापरत नाही, हे त्यांनी 2009 मध्येच जाहीर केलंय. इतर साइटवरून विकत घेतलेल्या लिंका देतो म्हणाला तर नकोच. ते नियमाबाहेर आहे, पकडलं गेलं तर साइटच खाली जाते.

तरी द्यायचंच ठरवलंत तर वेबसाइटचं नाव, सर्च कन्सोल आणि नकाशाची नोंद तुमच्या स्वतःच्या ईमेलवर ठेवा, त्याला फक्त वापरायची परवानगी द्या. माझं सगळं त्या बारा हजारवाल्याच्या ईमेलवर होतं. काम बंद केल्यावर वेबसाइटचं नाव परत मिळवायला दोन महिने गेले, आणि ते नेमके मार्च-एप्रिल होते.