विणकाम आणि क्रोशाची आवड असलेल्या माणसाचा रोजचा दिवस कसा असतो?

प्रश्नकर्त्यांनी विचारले आहे की, विणकाम आणि क्रोशाचे वेड असलेल्यांचा दिवस कसा जातो, नोकरी आणि घर सांभाळून त्यांना वेळ कसा मिळतो, आणि नाशिकसारख्या गावात, जिथे थंडी जेमतेम तीन महिने टिकते, तिथे एवढे विणून त्याचे करायचे काय. मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात हिशेब पाहते, माझे वय ५२ आहे आणि गेली ३० वर्षे माझ्या पिशवीत एखादे अर्धवट काम नाही असा दिवस आठवत नाही. तेवढ्या भांडवलावर हे उत्तर लिहीत आहे.

आधी शब्दाचा एक घोटाळा दूर करते. नाशिक जिल्ह्यात ‘मी विणकाम करते’ असे सांगितले की निम्म्या लोकांच्या डोळ्यांसमोर येवल्याची पैठणी उभी राहते आणि ‘घरी माग आहे का?’ असा प्रश्न येतो. मराठीत साडीही विणतात, बाजही विणतात आणि स्वेटरही विणतात, त्यामुळे त्यात त्यांचा दोष नाही. मागावर ताणा आणि बाणा हे दोन वेगळे धागे एकमेकांना काटकोनात छेदत जातात. सुयांवरच्या विणकामात मात्र एकच धागा आपल्याच फासांतून पुन्हा पुन्हा ओढला जातो. स्वेटर अंगाबरोबर ताणला जातो आणि पैठणी ताणली जात नाही, त्याचे कारण हेच. आणि सुईवरचा एक टाका गळला तर त्याच्याखालचे टाके एकामागून एक सुटत शिडी तयार होते, त्याचेही कारण हेच. क्रोशात आकडीच्या सुईवर बहुतेक वेळा एकच फास उघडा असतो, म्हणून तिथे हात निसटला तरी फार मोठे नुकसान होत नाही. माझ्या दिवसाची वाटणी बरीचशी या फरकावर ठरते.

वेळेविषयी सांगायचे तर या छंदासाठी मी वेगळा वेळ काढत नाही. फक्त दिवसाचे दोन भाग पडलेले असतात: ज्यात मोजता येते तो आणि ज्यात मोजता येत नाही तो. त्याप्रमाणे माझ्याकडे कायम दोन कामे चालू असतात. पहिले बसमधले. सकाळी कंपनीच्या बसमध्ये ३५ ते ४० मिनिटे मिळतात आणि तिथे मी केवळ सरळ, विचार न करता होणारे काम नेते, म्हणजे ‘दोन सुलट, दोन उलट’ अशी बॉर्डर किंवा बाळाच्या दुपट्याचे चौकोन. बसमध्ये लांब सुया वापरल्या की शेजारणीच्या बरगडीत कोपर जाते, म्हणून दोन टोके लवचिक तारेने जोडलेली गोल सुई मी तिथे ठेवते. रस्त्यातला खड्डा आला की सगळी बस एकदम उडते आणि मी दोन्ही हातांनी टाके धरते. चालकाला आता ते माहीत झाले आहे आणि मोठा खड्डा दिसला की ते मागे वळून ‘ताई, सुया!’ असे ओरडतात.

दुसरे काम रात्रीचे. त्याला मोजणी लागते आणि ते घराबाहेर जात नाही. सध्या त्यात वेणीची वीण आहे: सहा सुलट टाक्यांची पट्टी, तिच्या दोन्ही बाजूंना दोन दोन उलट टाके, आणि दर आठव्या ओळीला पहिले तीन टाके तिसऱ्या छोट्या सुईवर बाजूला काढून पुढचे तीन आधी विणायचे. आठवी ओळ चुकून दहावीला आली तर ती वेणी लांबून दिसणार नाही, पण मला मात्र जन्मभर दिसत राहील. या कामाच्या वेळी सासूबाई समोर मालिका पाहत असतात आणि नेमक्या माझ्या मोजणीच्या मध्यावर विचारतात, ‘अगं, गॅस बंद केलास का?’ त्यावर मी मोठ्याने ‘चव्वेचाळीस, पंचेचाळीस’ असे उत्तर देते. पूर्वी त्यांना राग यायचा. आता त्या ओळ संपेपर्यंत थांबतात आणि मग तोच प्रश्न पुन्हा विचारतात. गॅस बहुतेक वेळा त्यांनीच बंद केलेला असतो.

या छंदातील ज्या भागाविषयी कोणी फारसे बोलत नाही तो म्हणजे उसवणे. बाहेरून पाहणाऱ्याला सुया पुढे जाताना दिसतात, पण माझ्या अनुभवात दर चार संध्याकाळींपैकी एक तरी मागे जाण्यात जाते. उसवलेली लोकर लगेच वापरता येत नाही, कारण तिला टाक्यांची नागमोडी सवय लागलेली असते. ती खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करावी लागते, कोमट पाण्यातून काढून वाळत घालावी लागते आणि मग पुन्हा गुंडा करावा लागतो. माझी सर्वांत मोठी उसवणी मात्र झालीच नाही. भावासाठी मी एका अमेरिकन नमुन्यावरून स्वेटर करायला घेतला. नमुन्यात ‘८ क्रमांकाच्या सुया’ असे लिहिले होते आणि माझ्याकडे ८ क्रमांकाच्या सुया होत्या, तेव्हा तपासण्यासारखे काही आहे असे मला वाटलेच नाही. आपल्याकडे सुयांचे क्रमांक जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत, ज्यात क्रमांक वाढला की सुई बारीक होते आणि ८ क्रमांक म्हणजे ४ मिलिमीटर. अमेरिकेत क्रमांक वाढला की सुई जाड होते आणि तिथला ८ म्हणजे ५ मिलिमीटर. नमुन्याच्या मापाने १० सेंटिमीटरमध्ये १८ टाके बसायला हवे होते, माझ्या सुयांवर २२ बसत होते. पाठीचे ९० टाके ५० सेंटिमीटर रुंद व्हायचे ते ४१ झाले, म्हणजे पाठ आणि पुढचा भाग मिळून छातीचा घेर १०० ऐवजी ८२ सेंटिमीटर भरला. पाठ विणतानाच ती अरुंद दिसत होती, हे मी कबूल करते. परंतु ‘लोकर आहे, ताणली जाईल’ अशी स्वतःची समजूत घालणे प्रत्येक विणणाऱ्याला जमते, तसे मलाही जमले. स्वेटर शेवटी १२ वर्षांच्या भाच्याला बसला आणि भावाने तो आपल्यासाठी होता हे माहीत नसल्याचे सोंग आजपर्यंत उत्तम वठवले आहे. तेव्हापासून मी आधी १० सेंटिमीटरचा नमुनातुकडा विणून, धुऊन, मोजून मगच टाके घालते.

क्रोशात मोजणी निराळ्या रीतीने सूड घेते. ताटाखालचा गोल रुमाल करायचा तर प्रत्येक फेरीत ठरावीक टाके वाढवावे लागतात: मुक्या खांबांचा, म्हणजे बुटक्या टाक्यांचा, गोल सपाट राहण्यासाठी दर फेरीला साधारण ६ आणि खांबांचा, म्हणजे उंच टाक्यांचा, असेल तर साधारण १२. कमी वाढवले तर रुमालाची वाटी होते, जास्त वाढवले तर कडेला झालर उठते. आत्या मला शिकवत असताना माझ्या हातून कायम झालर उठायची आणि ती तो रुमाल पसरून ‘हे काय, कोबी केलास का?’ असे विचारायची. पुष्कळ वर्षांनी माझ्या वाचनात आले की, कॉर्नेल विद्यापीठातील गणितज्ञ दाइना ताइमिना यांनी १९९७ मध्ये नेमकी हीच ‘चूक’ मुद्दाम आणि नियमाने करून, म्हणजे ठरावीक प्रमाणात सतत टाके वाढवत नेऊन, अतिपरवलयी प्रतलाची, म्हणजे कडेकडे झालरीसारख्या पसरत जाणाऱ्या पृष्ठभागाची, टिकाऊ प्रतिकृती क्रोशाने तयार केली. त्याआधीच्या कागदी प्रतिकृती हाताळताना फाटत असत. आत्याला हे सांगता आले असते तर मला फार समाधान झाले असते, पण तोवर ती राहिली नव्हती.

आता नाशिक आणि थंडीविषयी. ज्यांनी डिसेंबरच्या अखेरीस निफाडकडून येणारी पहाटेची बस पकडली आहे, ते ‘नाशिकला लोकर कशाला’ असे विचारणार नाहीत. पारा फार उतरला की तिकडच्या द्राक्षबागांमध्ये घडांना थंडीचा फटका बसू नये म्हणून रात्री शेकोट्या पेटवतात आणि सकाळी धुराचा थर बागांवर तरंगत असतो. तरीही प्रश्नात तथ्य आहे, कारण उरलेले नऊ महिने लोकर हातात धरवत नाही. एप्रिल-मे महिन्यांत घामेजल्या तळहातांना ॲक्रिलिकचा धागा चिकटतो आणि टाका सुईवर सरकत नाही. म्हणून होळीनंतर लोकरीची पेटी वर जाते आणि सुती धागा खाली येतो. चमकणारा जो क्रोशाचा सुती धागा आपण वापरतो त्याच्या मागे जॉन मर्सर या इंग्रज रसायनतज्ज्ञाची १८४४ च्या सुमाराची युक्ती आहे: सूत कॉस्टिक सोड्यातून काढले की ते फुगते, मजबूत होते आणि रंग चांगला धरते. पावसाळा तोरणे, टेबलावरचे रुमाल आणि रुखवताच्या मागण्यांत जातो, आणि गणपती उठले की लोकर पुन्हा खाली येते, कारण थंडीत घालायचा स्वेटर थंडीत सुरू करून भागत नाही.

या सगळ्यात सर्वांत अवघड काळ जानेवारीचा पहिला पंधरवडा. संक्रांतीला काळे घालायचे आणि बाळाचे बोरन्हाण असायचे, त्यामुळे ओळखीच्या, अर्ध्या ओळखीच्या आणि वहिनीच्या ओळखीच्या सर्वांना काळे झबले आणि काळी कुंची हवी असते, आणि याची आठवण त्यांना ५ तारखेनंतर होते. काळी लोकर रात्रीच्या दिव्यात विणणे म्हणजे अंधारात तीळ वेचणे. टाका दिसतच नाही. मांडीवर पांढरा पंचा अंथरला की मागून थोडा उजेड येतो आणि टाक्यांच्या मधल्या फटी दिसू लागतात. एवढ्या एका उपायावर मी आतापर्यंत अनेक संक्रांती काढल्या आहेत.

‘एवढे करता तर विकत का नाही?’ हा प्रश्न आपण विचारला नसला तरी पुढे विचाराल, म्हणून त्याचाही हिशेब मांडते. तो माझा व्यवसायच आहे. मोठ्या माणसाच्या स्वेटरची पाठ ५० सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर लांब धरली, आणि १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके व २८ ओळी बसतात असे मानले, तर ११० टाके गुणिले १६८ ओळी, म्हणजे १८,४८० टाके होतात. मुंढ्याची आणि गळ्याची घट त्यातून थोडी वजा करा. माझा वेग मिनिटाला सुमारे २५ टाके आहे. म्हणजे केवळ पाठीला १२ तास. पुढचा भाग, दोन बाह्या, गळपट्टी आणि शिवण धरली की ४० तासांच्या आसपास जाते. एवढ्या तासांची मजुरी लावून किंमत सांगितली की समोरची व्यक्ती मेन रोडवर तयार स्वेटर कितीला मिळतो ते सांगते, आणि तिचे म्हणणे खरेच असते, कारण तो यंत्रावर विणलेला असतो. सुयांचे काम करणारे यंत्र विल्यम ली यांनी इंग्लंडमध्ये १५८९ मध्येच बनवले होते.

क्रोशाचे तसे नाही. हाताच्या क्रोशाची हुबेहूब वीण देणारे यंत्र बाजारात रुळलेले नाही, त्यामुळे कुठेही स्वस्तात क्रोशाचा टॉप दिसला तर तो कोणाच्या तरी हातांनीच झालेला असतो, हे मी लक्षात ठेवते. आंध्र प्रदेशातील नरसापूरच्या परिसरात १९ व्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी हे काम नेले आणि तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या घरी बसून नगावर क्रोशाची लेस करत आल्या आहेत. आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी सुमारे १,४६५ किलोमीटर वाहून समुद्राला मिळते, तिची वसिष्ठा ही शाखा याच नरसापूरजवळून जाते. हे कळल्यापासून क्रोशाच्या वस्तूच्या किमतीवर घासाघीस करायला माझी जीभ रेटत नाही. मी स्वतः मात्र विकत नाही; लोकरीचे पैसे घेते आणि विणणे माझ्याकडून असे ठरवले आहे. मागणी घेतली की ते काम मोजणीच्या रात्रींत शिरते, आणि नोकरीच्या हिशेबांनंतर रात्री पुन्हा दुसऱ्याच्या तारखा सांभाळायला मी तयार नाही.

मुलीकडे कल्याणला जाताना पंचवटी एक्सप्रेसमध्ये मात्र मी नियम मोडून मोजणीचे काम काढते, कारण इगतपुरीच्या पुढे कसारा घाटात मोबाईलची रेंज जाते, आसपासचे सगळे गप्प होतात आणि विणकामाला रेंज लागत नाही.

आपल्या प्रश्नाच्या रोखावरून वाटते की आपणही सुरुवात करण्याच्या विचारात असाल. तसे असेल तर फिकट रंगाची, फार बारीक नसलेली लोकर घ्या. पहिली लोकर काळी अजिबात नको. दुकानात सुई मागताना क्रमांक सांगू नका, ४ मिलिमीटर असे सांगा, आणि दुकानदाराने ‘म्हणजे आठ नंबर’ म्हटले तर हो म्हणा.