करडू विकायचं की भाड्यानं द्यायचं?

प्रश्न: मी पुण्यात राहते, वय 38. बारा वर्षं स्वतंत्रपणे चित्रकाम करते. पाठ्यपुस्तकं, दिवाळी अंक, पुरवण्यांमधली रेखाटनं, अधूनमधून पॅकेजिंग. मुलांच्या एका पुस्तकमालेसाठी मी दप्तर अडकवलेलं एक करडू काढलं. सहा पुस्तकं झाली, त्यांची रॉयल्टी वर्षाला 18,000 रुपयांच्या आसपास येते. आता एका बिस्किट कंपनीला ते करडू पाकिटावर हवं आहे. त्यांनी दोन पर्याय दिलेत: सगळे हक्क कायमचे देऊन एकरकमी साडेसात लाख, किंवा तीन वर्षांच्या वापराचे दर वर्षी सव्वादोन लाख. घरी मिस्टर आणि लेक. मिस्टर कॉलेजात शिकवतात, हातात 52,000 येतात. हप्ता धरून घरखर्च 95,000. गृहकर्ज 22 लाख शिल्लक, व्याज साडेआठ टक्के, तेरा वर्षं बाकी. माझी जमा गेल्या वर्षी 9.7 लाख, खर्च जाऊन साडेसात. बँकेत 1.1 लाख, दहा हजारांची एसआयपी चालू. तीन ठिकाणी मिळून 1.85 लाख अडकलेत. एआयमुळे पुढे काम राहील की नाही कोण जाणे. साडेसात लाख घेऊन कर्जात भरावेत, असं घरात सगळ्यांचं मत आहे.

उत्तर:

ताई, घरच्यांचं मत समजण्यासारखं आहे. साडेसात लाख एका वेळी डोळ्यांनी दिसतात, सव्वादोन लाख तीनदा येतील यावर विश्वास ठेवावा लागतो. दिवाळी अंकाचं मानधन होळीपर्यंत न मिळालेल्या माणसाला तो विश्वास कुठून येणार? तरीही कागदावर आकडे मांडून पाहू, कारण या दोन रकमा दिसतात तेवढ्या लांब नाहीत.

आधी कर. चित्रकाम हा तुमचा व्यवसाय आहे, म्हणून ही रक्कम मी व्यवसायाचं उत्पन्न धरतो. तुमचे साडेसात लाख आणि कंपनीचे साडेसात लाख एकाच वर्षात आले, तर करपात्र उत्पन्न 15 लाख होतं. नव्या करपद्धतीत आजच्या दराने त्यावर उपकरासह 1,09,200 रुपये कर बसतो. हातात उरतात 6,40,800. दुसऱ्या पर्यायात तुमचं उत्पन्न 9.75 लाख होतं. 12 लाखांपर्यंत सूट असल्यामुळे त्यावर कर शून्य. कंपनी दर वेळी दहा टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापेल, पण विवरणपत्र भरल्यावर तो परत मिळतो. तीन वर्षं तुमची बाकीची कमाई साधारण एवढीच राहील, हे यात गृहीत आहे.

उशिरा येणारा रुपया आजच्या रुपयापेक्षा हलका, म्हणून आता पुढच्या दोन हप्त्यांची आजची किंमत काढू. कर्जाचाच साडेआठ टक्के दर लावला, तर सव्वादोन लाखांचे तीन हप्ते, पहिला आज, आजच्या भावात 6,23,500 रुपये होतात.

6,40,800 वजा 6,23,500. फरक 17,300.

म्हणजे तीन वर्षांनंतरचा सगळा काळ, परदेश, खेळणी, वह्या, कार्टून आणि न निघालेलं सातवं पुस्तक, हे सगळं कंपनी तुमच्याकडून 17,300 रुपयांना मागते आहे. सहा पुस्तकांची एका वर्षाची रॉयल्टी याहून जास्त आहे. करार कसा लिहिलाय त्यावर ती रॉयल्टीही कंपनीकडे जाऊ शकते, आणि उद्या लेकीच्या वाढदिवसाच्या आमंत्रणावर ते करडू छापायचं तरी कायद्याने परवानगी लागेल. चौथ्या वर्षाचं नूतनीकरण एकदा जरी झालं, तर भाड्याचा पर्याय दीड लाखाहून जास्त पुढे जातो.

पाकिटावरची चित्रं किती टिकतात याचा अंदाज आपण नेहमी कमी करतो. एशियन पेंट्ससाठी आर. के. लक्ष्मण यांनी गट्टू हा खोडकर पोरगा काढला 1954 मध्ये. तो निवृत्त झाला 2002 मध्ये. एअर इंडियाचा महाराजा 1946 चा. तुमचं करडू गट्टूएवढं चालेल असं मी म्हणत नाही, बहुतेक पाकिटं दोन-तीन वर्षांत बदलतात. पण ते चाललं तर त्याचा फायदा कोणाला, एवढंच या सहीने ठरणार आहे.

कायद्याची बाजू तुमच्यासारख्यांना कोणी नीट सांगत नाही, म्हणून जरा थांबतो. कॉपीराइट कायदा 1957 चा. चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं टिकतो, म्हणजे तुमच्या लेकीच्या म्हातारपणापर्यंत. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच कंपन्यांच्या करारात 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे शब्द न चुकता असतात. ते दोन शब्द खोडले तरी अर्धी लढाई होते. नोकरीत असताना केलेलं काम साधारणपणे मालकाचं होतं. आणि पैसे देऊन कोणी चित्र काढून घेतलं, तर काही बाबतीत वेगळा करार नसताना पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा ठरतो. तेव्हा कंपनीसाठी गणपतीचं पाकीट, दिवाळीचं पाकीट अशी जी नवी चित्रं काढाल, त्यांची मालकी कोणाची हे करारातच लिहून घ्या. दर चित्राचं मानधनही वेगळं. सव्वादोन लाख हे वापराचं भाडं आहे, तुमच्या हाताची मजुरी त्यात धरायची नाही.

मात्र या सगळ्याच्या आधी एक प्रश्न, आणि तो तुमच्या पत्रात नाही. करडाला नाव कोणी दिलं? त्याचा स्वभाव, त्याचं ते शाळा बुडवणं कोणी लिहिलं? पुस्तकांचा मजकूर दुसऱ्या कोणाचा असेल, तर चित्र तुमचं आणि नाव-गोष्ट त्यांची असं होऊ शकतं. प्रकाशकाबरोबरचा सहा पुस्तकांचा करार कपाटातून काढा. त्यात तुम्ही आधीच काही देऊन बसला असाल, तर कंपनीला जे विकायला निघालात ते तुमचं नसेल, आणि 'हे काम पूर्णपणे माझ्या मालकीचं आहे' या कलमाखाली सही करून उद्या नुकसानभरपाई तुमच्याच गळ्यात पडेल. लेखकाशी बोला, त्यांचा वाटा ठरवा. एखाद्या वकिलाला दोन्ही करार दाखवायला जे काही हजार लागतील ते वाचवू नका.

कर्जाचं म्हणाल, तर सहा लाख आज भरले आणि हप्ता साधारण 23,350 चाच ठेवला, तर कर्ज 156 ऐवजी 94 महिन्यांत फिटेल आणि व्याजाचे जवळपास साडेआठ लाख वाचतील. आकडा मोठा आहे, खोटा नाही. बदलत्या दराच्या गृहकर्जात आगाऊ भरण्याला दंडही नसतो. मला खटकतं ते वेगळंच. मिस्टरांच्या पगारानंतर घराला दर महिन्याला 43,000 कमी पडतात आणि ते तुमच्या कुंचल्यातून येतात. जून ते सप्टेंबर अंकांची कामं ढिगाने, पैसे मात्र डिसेंबरनंतर. अशा घरात बँकेत 1.1 लाख म्हणजे अडीच महिन्यांचा दम. कर्जात गेलेला पैसा मुलीच्या आजारपणात परत मागता येत नाही, तेव्हा तो वैयक्तिक कर्ज म्हणून जास्त व्याजाने येतो. तुमचं खातं ओव्हरड्राफ्टच्या प्रकारात बदलता येईल का, हे बँकेला विचारून पाहा. त्यात भरलेली रक्कम गरजेला काढता येते, व्याजदर मात्र थोडा जास्त असू शकतो.

भाड्याच्या पहिल्या हप्त्याचे टीडीएस जाऊन 2,02,500 हातात येतील. ते बँकेतल्या रकमेला जोडा, सात महिन्यांची सोय होते. कर्जात काहीही भरू नका. दुसऱ्या वर्षीचा हप्ता आला की त्यातला मोठा भाग खुशाल भरा. एसआयपीला हात लावू नका.

कंपनीला काय कळवायचं? 'एकरकमी नको, पण मुदत पाच वर्षं चालेल' असं लिहा. फक्त बिस्किटं आणि फरसाणासारखे पाकीटबंद खाद्यपदार्थ, फक्त भारत, दर वर्षी भाड्यात आठ टक्के वाढ. पहिली तीन वर्षं कंपनीला मधेच करार मोडता येणार नाही. हे कलम मिळालं नाही तर माझा वरचा सगळा हिशेब कोसळतो, तेव्हा बाकी कशावरही माघार घ्या, यावर नको. करडाचा ट्रेडमार्क कंपनीने स्वतःच्या नावावर नोंदवायचा नाही, आणि ही चित्रं वापरून एआयला तुमची शैली शिकवायची नाही. दोन वर्षांचं भाडं आगाऊ देतो म्हणाले, तर एक हप्ता मार्चअखेर आणि दुसरा एप्रिलमध्ये घ्या. हिशेब रोख पद्धतीने, म्हणजे पैसे हातात आले त्या दिवशी जमा धरून, ठेवत असाल तर दोन्ही वेगवेगळ्या वर्षांत पडतील. एकाच वर्षात आले तर उत्पन्न बरोबर 12 लाखांच्या काठावर जाऊन बसतं.

ते हट्टाला पेटले आणि 'कायमचं नाहीतर काहीच नाही' म्हणाले, तर माझा आकडा 16 लाख. दहा वर्षांचं भाडं आजच्या भावात तेवढं होतं. मात्र तेव्हा त्या वर्षीची जमा 20 लाखांपलीकडे जाईल आणि जीएसटीची नोंदणी लागेल. ती मर्यादा नफ्यावर नसते, एकूण जमेवर असते. मिस्टरांची नोकरी तासिका तत्त्वावरची असती किंवा कर्जाचे हप्ते थकले असते, तर मी कदाचित साडेसात लाखही घ्या म्हणालो असतो. तुमची तशी वेळ नाही.

एआयच्या भीतीवर मी जाणकार नाही. पण भीती खरी ठरली, पानामागे मिळणारे पैसे घसरले, तर स्वस्त होतील ते तुमचे तास. पोरांना नावानिशी ओळखीचं झालेलं करडू त्या तासांत मोडत नाही. भीती असेल तर ते विकायचं कारण उलट कमी होतं.

अडकलेल्या 1.85 लाखांबद्दल: उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करा, फुकट आहे, आणि कंपनीबरोबर सही करण्याच्या आधी करा. सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात, आणि मुदत पाळली नाही आणि आर्थिक वर्ष संपेपर्यंतही पैसे दिले नाहीत, तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा मिळत नाही. जुन्या थकबाकीवर याचा जोर चालेलच असं नाही. तिथे संपादकांना फोन करत राहणं आलं.

आणखी एक. बरेच चित्रकार जमेच्या निम्मा नफा दाखवून मोकळे होतात. व्यावसायिकांच्या त्या सवलतीच्या यादीत डॉक्टर, वकील, वास्तुविशारद, अंतर्गत सजावटकार आहेत, चित्रकार हा शब्द नाही. तुम्ही खरा खर्च धरून साडेसात लाख काढलेत ते बरं केलंत. बिलं जपा आणि सीएंना एकदा विचारून घ्या. अपघात विमा नसेल तर तोही घ्या. अंगठा किंवा बोटं कायमची निकामी झाली तर त्यात ठरलेली टक्केवारी मिळते. मनगटाच्या रोजच्या झिजेला मात्र ती पॉलिसी पैसे देत नाही.

प्रकाशकाचा करार सापडला, की करडाच्या नावाबद्दल त्यात काय लिहिलंय ते मला कळवा. तोपर्यंत कंपनीला 'विचार चालू आहे' एवढंच उत्तर द्या, आणि नमुना म्हणून मोठ्या आकाराची मूळ फाईल मागितली तर पाठवू नका.