पुस्तक उघडलं की झोप येते

"मॅडम, ह्याला काय झालंय ते बघा. पुस्तक उघडलं की पेंगतो. सर म्हणत्यात पोरगं आळशी झालंय."

डिसेंबरातली दुपार होती. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी आठवड्यातून दोन दिवस समुपदेशनाला बसते, तिथे बारावी सायन्सच्या मुलाला घेऊन त्याची आई आली होती. त्याला आपण सुदाम म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. आई बोलत होती तोवर तो आपल्या हातांकडे बघत होता. तिनं मध्येच दोनदा पदर तोंडाशी धरून जांभई दिली. मी पाहिली, पण त्यावर काही विचारलं नाही.

अभ्यासाला बसलं की झोप येते, ही तक्रार वर्षभर येते आणि परीक्षा जवळ आल्या की वाढते. पालकांचं निदान बहुधा घरूनच ठरवून आलेलं असतं: आळस, मोबाइल, मन लागत नाही. मुलांनाही तेच पटलेलं असतं, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटतं. सुदाम पहिल्या भेटीत एवढंच म्हणाला, "माझ्यातच काहीतरी कमी आहे."

झोपेच्या वेळा विचारल्या तर म्हणाला, दहाला झोपतो, सहाला उठतो. आठ तास! मग हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यायला डॉक्टरांकडे पाठवलं. दोन्ही ठीक निघालं. जेवण, मित्र, क्रिकेट, सगळं नेहमीसारखं होतं, उदासपणाची लक्षणं दिसली नाहीत. पंधरा दिवस झोपेच्या वेळा रोज वहीत लिहून आण, एवढं सांगून मी त्याला घरी पाठवलं.

त्या वहीनं सगळं सांगितलं. कोपरे चिखलानं माखलेले, आणि मध्ये मध्ये तीन-चार दिवसांच्या ओळी कोऱ्या.

"ह्या दिवशी काय झालं?"

"रात्रीची लाइट होती."

वडिलांच्या मणक्याचा त्रास वाढल्यापासून, म्हणजे दिवाळीपासून, कांद्याला दारं धरायला, म्हणजे एकेका वाफ्यात पाणी सोडायला, सुदामच जात होता. शेतीची थ्री फेज लाइट काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की हा बॅटरी आणि फावडं घेऊन दहाला निघायचा, पहाटे परत यायचा, तासभर पडायचा आणि कॉलेजची एसटी पकडायचा. हे आधी का सांगितलं नाहीस, असं विचारलं तर त्याला खरंच नवल वाटलं. जागरण म्हणजे मोबाइल बघत बसणं. हे तर काम होतं.

मग हळूहळू आणखी एक गोष्ट बाहेर आली. आदल्या आठवड्यात तो बांधावर फावड्याला टेकून उभ्या उभ्या झोपला होता. चपलांत गार पाणी शिरलं तेव्हा जाग आली. तोवर वाफा भरून पाणी शेजाऱ्याच्या हरभऱ्यात गेलं होतं. वडील बोलले, शेजारी बोलला. "मला कळलंच नाही मॅडम, डोळे कधी मिटले." विहीर तिथून वीस पावलांवर होती. ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

तू आळशी नाहीस, असं नुसतं सांगून हा मुलगा ऐकणार नव्हता. तो सायन्सचा विद्यार्थी, म्हणून त्याच्याच पुस्तकातून सुरुवात केली. एटीपी म्हणजे काय?

"पेशीतलं ऊर्जेचं चलन. ॲडेनोसिन ट्राय फॉस्फेट."

"त्यातला पहिला शब्द परत म्हण."

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण विसाव्यात असताना शरीर जी ऊर्जा वापरतं तिच्यातली सुमारे २० टक्के तो एकटा घेतो. जागेपणी पेशी एटीपी मोडून खर्च करत राहतात, आणि त्या मोडतोडीतून शेवटी उरतं ते ॲडेनोसिन. जितका वेळ जागं राहावं, तितकं ते पेशींच्या बाहेर साठत जातं आणि जागं ठेवणाऱ्या पेशींना मंद करतं. मांजरांना जास्त वेळ जागं ठेवलं तेव्हा मेंदूच्या पुढच्या तळभागात ते वाढत गेलं आणि झोपेत उतरलं, हे १९९७ मध्ये मोजून दाखवलं गेलं. चहा घेतला की तरतरी वाटते, कारण कॅफीन ॲडेनोसिनच्या जागा अडवून बसतं. साठलेलं ॲडेनोसिन तिथेच असतं. कॅफीन उतरलं की तेच पुन्हा अंगावर येतं.

सुदाम रात्रीच्या पाळीला थर्मास भरून चहा न्यायचा. तो गप्प झाला.

त्याला ऑक्सफर्डचं २०२५ मधलं संशोधनही सांगितलं, कारण ते मला स्वतःला फार आवडलं आहे. फळमाशीच्या मेंदूत झोप आणणाऱ्या मोजक्या पेशी आहेत. माशी जागी असते तेव्हा या पेशी फारसं काम करत नाहीत, त्यांचा ऊर्जेचा खर्च कमी असतो, पण अन्नातून येणारे इलेक्ट्रॉन त्यांच्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या कारखान्यांत, येतच राहतात. खर्च नाही आणि आवक चालू, मग इलेक्ट्रॉन ऊर्जा बनवणाऱ्या साखळीतून गळतात आणि पेशीला इजा करणारे पदार्थ बनतात. हा गळतीचा इशारा वाढत गेला की त्या पेशी जाग्या होतात आणि माशीला झोपवतात.

मी अजून शब्द जुळवत होते, तेवढ्यात तो म्हणाला, "म्हणजे मोटर चालू आणि सगळ्या वाफ्यांची दारं बंद. पाट फुटणारच की."

इतकी नेमकी उपमा मला सुचली नव्हती. माशी आणि माणूस एक नव्हेत, माणसात हेच घडतं असं अजून कोणी दाखवलेलं नाही, हे मी त्याला सांगितलं. पण पाट फुटला तर दोष पाटाचा नाही, एवढं त्याच्या मनात बसलं. दोन भेटींत पहिल्यांदा तो ताठ बसला.

आईवडिलांना एकत्र बोलावलं तेव्हा वडील चिडले. "लाइट काय मी आणतो का?" बरोबरच होतं त्यांचं. कांदा वाळवून चालत नाही आणि वेळापत्रक त्यांच्या हातात नाही. मी त्यांना अमेरिकेतला २००३ मधला एक प्रयोग सांगितला. दोन आठवडे रोज सहाच तास झोपू दिलेली माणसं लक्ष देण्याच्या चाचण्यांत शेवटी रात्रभर जागलेल्यांइतकी चुकू लागली, आणि आपण इतके मागे पडलोय हे त्यांचं त्यांना कळतही नव्हतं. मग विहिरीच्या वीस पावलांचा विषय काढला. त्यावर वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते स्वतः चुलतभावाकडे गेले.

ठरलं ते असं: रात्रीची पाळी चुलतभावाच्या मुलाबरोबर वाटून घ्यायची, रानात एकट्यानं जायचं नाही. ज्या रात्री जायचं, त्या दिवशी संध्याकाळी जेवून, निघण्याआधी दोन तास झोप काढायची. परत आल्यावर तासभर झोपेवर भागवायचं नाही, कॉलेजचा पहिला तास बुडला तरी चालेल. कॉलेजच्या सरांशी मी बोलले, त्यांनी समजून घेतलं. चहा मध्यरात्रीआधी एकदाच, कारण कॅफीन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात आणि पहाटेची झोप त्यात जाते. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. ती रोज मिळणार नव्हती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

महिन्याभरात प्रॅक्टिकलला पेंगणं थांबलं. फिजिक्स अजून कच्चंच आहे, त्याला शिकवणी लागेल. सलग तीन रात्री लाइट आली त्या आठवड्यात तक्ता पुन्हा कोलमडला. पण त्यानं वहीत ओळी कोऱ्या सोडल्या नाहीत, "झोप ३ तास" असं लिहून आणलं.

शेवटच्या भेटीला सुदाम बाहेर चप्पल घालत होता. आई दाराशी घुटमळली. पोरगं रानात असलं की ती जागीच असायची, कुत्रं भुंकलं की ओट्यावर येऊन उभी राहायची, आणि साडेचारला धारा काढायला बसायची.

"मॅडम, ते जे मेंदूत साठतं म्हणला, ते माझ्यात बी साठत आसंल ना?"

मी वही काढली आणि पुढच्या मंगळवारी अकराला त्यांचं नाव लिहिलं.