वर्षाची आखणी आगमनकाळापासून करावी
कॅथलिक चर्चच्या महिला मंडळात नव्याने आलेल्या भगिनीने आपले वर्ष जानेवारीपासून नव्हे, तर नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या आगमनकाळापासून मोजावे आणि ईस्टरची तारीख दरवर्षी बदलत असल्यामुळे ती पाहिल्याशिवाय कोणताही कार्यक्रम ठरवू नये. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, आशीर्वादित केलेल्या, घरोघरी क्रुसामागे खोचून ठेवलेल्या वाळक्या झावळ्या भस्म बुधवारच्या पुरेशा आधी गोळा कराव्या लागतात, कारण त्यांचीच राख त्या दिवशी कपाळी लावतात. भस्म बुधवारी सुरू होणाऱ्या, ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळात चौथा रविवार आणि मोठे सण वगळता वेदी फुलांनी सजवत नाहीत; हौशी मंडळी हे हमखास विसरतात. ऑक्टोबरमधील जपमाळेच्या प्रार्थनेच्या पाळ्या लावणे त्यामानाने सोपे. आजारी व एकाकी वृद्धांच्या भेटी मात्र सणापुरत्या न ठेवता वर्षभर वाटून घ्याव्यात.