पट्टी खिशात गेल्यानंतर

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

कांदा बाजारावरच्या बातमीसाठी लासलगावला दोन दिवस जाऊनही कुणी मनमोकळे बोलले नाही, असे तू लिहिलेस. तुझ्या बातमीच्या मसुद्यात बाजार समितीचे एक पदाधिकारी, एक व्यापारी आणि शेतकरी संघटनेचे एक कार्यकर्ते आहेत. तिघेही जाणकार आहेत, परंतु त्या दिवशी ज्याने कांदा विकला असा एकही माणूस त्यात नाही.

शेतकऱ्यांना तू लिलावाच्या रांगेत गाठलेस. त्या वेळी त्यांचे सगळे लक्ष गाडीमागून गाडी पाहत येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या घोळक्याकडे असते. चार महिन्यांच्या कष्टाचा भाव क्षणात पुकारला जाणार असताना कुणी तुझ्याशी दोन शब्दांपलीकडे बोलणार नाही, आणि तशी अपेक्षाही आपण ठेवू नये. माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर खाली झाला, वजन झाले, हिशेबपट्टी हातात आली, की तोच माणूस चहाच्या टपरीवर टेकतो. तिथे त्याच्या शेजारी बस. आपण कोण आणि कशासाठी आलो, हे आधी सांग; वही नंतर काढ.

एकदा मी एका वयस्कर शेतकऱ्यांना पट्टी दाखवाल का, एवढेच विचारले. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला, वजन, भाव, हमाली, तोलाई अशा एकेका ओळीवर अंगठा फिरवला आणि कागद उलटा केला. मागे पेनने गाडीभाडे, काढणीची मजुरी, बियाणे आणि औषधाचा खर्च मांडलेला होता. शेवटची वजाबाकी मात्र केलेली नव्हती. त्यानंतर अर्धा तास मला एकही प्रश्न विचारावा लागला नाही.

प्रश्नांविषयीही थोडे लिहितो. ‘निर्यातबंदीचा काय परिणाम झाला?’ असे विचारलेस, तर भाषणात ऐकलेले उत्तर परत मिळेल. त्याऐवजी ‘८ डिसेंबर २०२३ ला तुमची गाडी कुठे होती?’ असे विचार. त्या दिवशी कांद्याची निर्यातबंदी लागू झाली आणि नाशिक जिल्ह्यात ठिकठिकाणी लिलाव बंद पडले. ज्याचा लाल कांदा तेव्हा गाडीत भरलेला होता, तो सगळा दिवस तुला क्रमाने सांगेल. तारीख आणि तपशील आपण घरून पाठ करून जायचे असतात. तसेच, समितीने दिलेल्या किमान, कमाल आणि सरासरी भावांपैकी तू कमाल भाव मथळ्यात घेतलास. तो भाव किती क्विंटलला मिळाला, हे मापारी, हमाल आणि पिकअपचे चालक यांना विचारायला हवे होते, कारण दिवसभर सगळे ढीग त्यांच्या डोळ्यांसमोरून जातात. जे कागद मागूनही मिळत नाहीत, त्यांच्यासाठी २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच. १० रुपयांचा अर्ज आणि ३० दिवसांची मुदत धरून चाल.

आता सर्वांत महत्त्वाचे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका तरुण शेतकऱ्याने व्यापाऱ्याने पैसे थकवल्याचे मला सांगितले. मी त्याचे नाव छापले, कारण त्याने ‘छापू नका’ असे म्हटले नव्हते. पुढचे कित्येक दिवस त्या बाजारात त्याच्या मालावर कुणी बोली लावली नाही. छापून आल्यावर काय होऊ शकते, हे मला ठाऊक होते आणि त्याला नव्हते; ते त्याला सांगणे माझे काम होते आणि मी ते केले नाही, याची बोच आजही आहे. म्हणून नाव, गाव, फोटो यांतले काय छापायचे, हे निघण्यापूर्वी प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचार. नाव गुप्त ठेवण्याचे वचन संपादकांशी बोलूनच दे. १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्याने बातमीचा सोर्स उघड न करण्याची मुभा दिली आहे, पण ती कौन्सिलपुढील कामकाजापुरतीच आहे; न्यायालयात तिचा आधार मिळेलच असे नाही.

पुन्हा जाशील तेव्हा सकाळची पहिली एसटी धर आणि संध्याकाळपर्यंत थांब. पिंपळगाव बसवंतचे एक वाहनचालक माझ्या चांगल्या परिचयाचे आहेत; तुझ्याशी बोलायची त्यांची तयारी आहे का, हे आज रात्री त्यांना विचारतो आणि ते हो म्हणाले तरच त्यांचा नंबर तुला कळवतो.

तुझा,
सर